बादलीभर पाण्यातली वीज

आजच्या प्रयोगांसाठी एक रिकामी प्लास्टिकची बाटली, एक दाभण, बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच जवळ ठेवा.

मी राहते बंगळूरच्या सर्जापूर रोडवर. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो बोअर आटल्या आणि टँकर कधी येणार, हा इथल्या प्रत्येक सोसायटीचा पहिला प्रश्न झाला. तेव्हा घरातल्या मुलांनाही पाण्याबद्दल खरेखुरे प्रश्न पडले. हे प्रयोग त्यातूनच आले.

बाटलीला तळाजवळ दाभणाने छिद्र पाडा, बोट लावून ती काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. आता बोट काढा. बाटली न दाबता धरलीत, तर दोन-चार थेंब पडून धार थांबते. झाकण सैल केलं की पुन्हा सुरू. बाटलीतलं पाणी बाहेर पडायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती येत नसेल, तर बाहेरची हवा पाण्याला आत रेटून धरते. समुद्रसपाटीला हवेचा हा रेटा सुमारे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलतो. बंगळूर ९०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे ९ मीटरच्या आसपास. खोल बोअरमधलं पाणी वरून नुसतं ओढून का येत नाही, ते आता कळेल. पंप पाण्यात खाली सोडावा लागतो, आणि तो पाणी वर ढकलतो.

आता एकाखाली एक तीन छिद्रं पाडा. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र कित्येक पुस्तकांत असतं. बाटली सपाट फरशीवर ठेवून बघा: मधली जास्त लांब जाईल! खालच्या धारेला वेग जास्त असतो, पण ती लगेच जमिनीला टेकते. उंच स्टुलावर ठेवलीत तर मात्र पुस्तक बरोबर ठरतं.

मार्च २०२४ मध्ये इथल्या पाणीपुरवठा मंडळाने अपार्टमेंट, हॉटेलं आणि व्यापारी इमारतींमध्ये नळाला एरेटर लावणं सक्तीचं केलं. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी छोटी जाळी. तिच्या अरुंद वाटा पाणी अडवतात, आणि वेगाने निघालेल्या बारीक धारा भोवतालची हवा सोबत ओढतात. त्यामुळे पाणी कमी असूनही धार भरघोस वाटते. काचेच्या पेल्यात हे पाणी घ्या. आधी दुधासारखं दिसेल, मग तळाकडून निवळत जाईल, कारण बुडबुडे वर चढतात. आमच्या स्वयंपाकघरात १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरायची, एरेटर लावल्यावर १०० सेकंद लागले. पण बादली भरण्यात यातून काहीच वाचत नाही, तेवढंच पाणी लागतं, फक्त वेळ दुप्पट! बचत होते ती नळ सोडून भांडी विसळताना, हात धुताना.

आता वीज. किलोमध्ये वजन, मीटरमध्ये उंची आणि ९.८ यांचा गुणाकार केला की ज्यूल मिळतात. २० लिटरची बादली दहाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ३० मीटर चढवायला ५,८८० ज्यूल लागतात. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यात जेमतेम ११ मिनिटं जळेल. फार नाही. पण कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं आणि तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातागुणी अशा टप्प्यांत जवळपास ५०० मीटर वर चढवलं जातं. त्याच बादलीला ९८,००० ज्यूल. तोच दिवा तीन तास! पंपात आणि पाइपात वाया जाणारी ऊर्जा यात धरलेलीच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि बेळ्ळंदूरसह शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी हे पाणी आलं.

ऊर्जा नष्ट होत नाही म्हणतात, मग ते ९८,००० ज्यूल गेले कुठे? आधी ते उंचीच्या रूपात साठून असतात. सर्जापूर रोडचं सांडपाणी कावेरीकडे परत जात नाही, त्याचा उतार बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांवरून दक्षिण पिनाकिनी नदीकडे आहे. वाटेत ती ऊर्जा घर्षणात, खळखळाटात आणि पाणी किंचित कोमट होण्यात विरते. सगळी उष्णता झाली, तरी बादलीचं तापमान जेमतेम १.२ अंशांनी वाढेल. याच खोऱ्यातलं काही सांडपाणी प्रक्रिया करून २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातं, आणि त्यासाठी ते पुन्हा पंपाने चढवावं लागतं.