पट्टी फिरते, ताण तसाच

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागलं की सांगवी येते, आणि नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. पलीकडच्या फलटण तालुक्यातलं सरडे हे प्रवीण जाधव या तिरंदाजाचं गाव. मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा २०१९ साली नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. पुढे टोकियो ऑलिंपिकही खेळला. या खेळात लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटर रुंद.

एवढ्या नेमबाजीचं श्रेय आपण डोळ्याला देतो, हाताला देतो, फार तर धनुष्याला. दोरीची आठवण कुणाला होत नाही. खरं तर धनुष्यात साठलेली सगळी ताकद बाणापर्यंत पोचवते ती दोरीच. आणि ही दोरी घरी बनवता येते. त्यासाठी लागणारा सांगाडा, ज्याला तिरंदाज जिग म्हणतात, ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणाऱ्या चौकोनी पाइपातून उभा राहतो. त्या सांगाड्यात भूमितीचं एक नवल दडलेलं आहे. ते कळल्यापासून मी त्याच्या प्रेमातच पडलो आहे.

आधी दोरी समजून घेऊ. आधुनिक धनुष्याची दोरी सुतळीसारखी वळलेली नसते. डॅक्रॉनचा किंवा डायनिमाचा एकच लांब धागा दोन टोकांभोवती गोल गोल गुंडाळत नेतात. नऊ फेरे झाले की अठरा पदर होतात. १६५ सेंटिमीटरच्या दोरीला असा सुमारे तीस मीटर धागा लागतो. अठराही पदरांवर सारखाच ताण हवा. एखादा सैल राहिला तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, आणि दोरी हळूहळू लांबत जाते.

आता जिग. एक लांब पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना खिळीवर फिरणारी एकेक आखूड पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवर दोन खुंट. पट्ट्या पाइपाच्याच दिशेत ठेवल्या की चारही खुंट एका रेषेत येतात. सगळ्यांत बाहेरच्या दोन खुंटांभोवती धागा गुंडाळायचा. मग पट्ट्या काटकोनात फिरवायच्या, म्हणजे धागा चारही खुंटांना वळसा घालून लांबट आयत करतो. आयताच्या आखूड बाजू मोकळ्या मिळतात. तिथेच दोरीची टोकं, म्हणजे धनुष्यात अडकवायचे फासे तयार होतात.

प्रश्न असा, की एवढी ताणून बांधलेली दोरी पट्ट्या फिरवताना तुटत का नाही, किंवा ढिली का पडत नाही?

मोजून पाहू. दोन खिळींमधलं अंतर १५५ सेंटिमीटर आणि पट्टीवरच्या खुंटांमधलं १० धरू. सगळे एका रेषेत असताना बाहेरच्या खुंटांमधलं अंतर १६५, म्हणून एक फेरा ३३० सेंटिमीटरचा. पट्ट्या आडव्या केल्यावर आयताची परिमिती १५५ अधिक १० अधिक १५५ अधिक १०, म्हणजे पुन्हा ३३०! एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला सारख्या फिरवल्या तर मधल्या कुठल्याही कोनात समांतरभुज चौकोन होतो, आणि त्याच्या बाजू त्याच राहतात, १५५ आणि १०. खुंटांच्या जाडीमुळे वाढणारी लांबीही प्रत्येक स्थितीत तेवढीच. आकार सतत बदलतो, लांबी जराही बदलत नाही. शाळेत परिमितीची उदाहरणं सोडवताना हे कुणी हातात देऊन दाखवलं असतं, तर किती मुलं भूमितीला चिकटली असती!

बनवताना दोन गोष्टींची मात्र कसून काळजी घ्यायला हवी. पहिली, पाइप दणकट हवा. हलका पाइप दर फेऱ्यागणिक किंचित वाकतो, टोकं जवळ येतात, आणि सुरुवातीला घट्ट बसलेले पदर शेवटी ढिले पडतात. दुसरी, खुंट. बोल्ट वापरला तर त्याचे आटे धाग्याला कापतात. म्हणून आटे नसलेला गुळगुळीत भाग वर ठेवावा किंवा प्लास्टिकची नळी चढवावी. वेल्डिंगचे बारीक दाणे कानशीनं घासून काढावेत आणि त्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला नाही तर धागाही अडकणार नाही.

आयताच्या आखूड बाजूंवर दुसरा, जास्त चिवट धागा घट्ट गुंडाळतात. याला सर्व्हिंग म्हणतात. मग पट्ट्या पुन्हा सरळ करायच्या आणि दोरी थोडी सरकवून गुंडाळलेला भाग बाहेरच्या खुंटावर आणायचा. आता दोन्ही बाजूंचे पदर एकत्र धरून त्यांच्यावर सर्व्हिंग केलं की फास बंद होतो. शेवट कसा करतात, हे तर बघत राहावं असं: शेवटचे काही वेढे उलट बाजूनं घेतात, ते उलगडत टोकावरून पुन्हा गुंडाळतात आणि उरलेलं टोक आत ओढून घेतात. ताण पेलणारी एकही गाठ या दोरीत नसते. सुरुवातीचं आणि अखेरचं टोक वेढ्यांखालच्या दाबानंच धरलेलं असतं.

दोरी धनुष्यावर चढवण्याआधी तिला पीळ देतात. पीळ वाढला की ती आखूड होते आणि मुठीपासून जास्त दूर उभी राहते. दोरी काही मिलिमीटरच कमी झाली तरी हे अंतर त्याहून बरंच जास्त वाढतं, म्हणून चांगला तिरंदाज ते पट्टीनं पुन्हा पुन्हा मोजतो. वजनाचंही तसंच. बाण सुटताना दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश हिस्सा बाणालाच जोडल्यासारखा वागतो, आणि दोरीच्या ऐन मध्यावर गुंडाळलेला धागा जवळपास पूर्ण वजनानं. मधलं सर्व्हिंग विनाकारण जाड केलं तर बाणाचा वेग घटतो.

दोन पाइप एकात एक सरकणारे घेतले आणि स्क्रूनं अडकवले तर एकाच जिगवर वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या होतात. प्रत्येक तिरंदाजाची खूण पाइपवर कोरून ठेवावी. कारण स्पर्धेला जाताना जोडीची दुसरी दोरी सोबत न्यावीच लागते, आणि तीही आधी बरेच बाण मारून बसलेली असावी लागते. कोरी दोरी सुरुवातीला थोडी लांबतेच.