महामहम ते सिंहस्थ: पडलेल्या माणसाचं काय होतं

गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो आणि त्याच काळात, तमिळ मासी महिन्यातल्या मघा नक्षत्रावर, कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहम. गाव आपल्याला परकं नाही. ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं, आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच मराठी घरात जन्मले. तरीही १८ फेब्रुवारी १९९२ ला तिथे जे घडलं ते आपल्याकडे दूरची बातमी ठरलं. अकरा वर्षांनी नाशिकच्या उतारावर तेच घडलं.

महामहम तळं सहा एकरांच्या आसपास. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर सोळा मंडप. त्या दिवशी लाखो लोक तळ्याभोवती होते, आणि तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललिता यांचं स्नानही तिथेच होतं. त्यांना पाहायला गर्दी एका बाजूला झुकली, काठावरची लोखंडी जाळी लोकांच्या भाराने कोसळली आणि माणसं माणसांवर पडली. अधिकृत आकडा ४८ मृतांचा.

अशी बातमी वाचली की डोळ्यांपुढे तुडवणारे पाय येतात. शवविच्छेदनात मात्र बहुतेकदा वेगळंच कारण निघतं: श्वास कोंडणं. श्वास घ्यायचा तर छातीचा पिंजरा फुगावा लागतो. वर दोन-तीन माणसांचं ओझं आलं की आतली हवा बाहेर जाते, पण नवी आत येत नाही. ओरडायलाही हवा लागते, त्यामुळे खालचा माणूस ओरडतही नाही. थोड्याच वेळात शुद्ध हरपते, आणि चार ते सहा मिनिटं मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की इजा कायमची होते. अनेकदा एकही हाड मोडलेलं नसतं. काही जण तर उभ्याउभ्याच जातात.

मग वाचतो कोण? जो ढिगाच्या कडेला पडला. जो कुशीवर पडला आणि हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखू शकला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्याच्यावरचा भार वेळेत उतरला. उंची, वजन आणि वय यांचाही वाटा असतो. ठेंगण्या माणसाचं नाक-तोंड पुढच्याच्या पाठीत दबतं, म्हणून बायका आणि म्हातारी माणसं जास्त जातात. हाथरसला २ जुलै २०२४ रोजी गेलेल्या १२१ जणांत बहुतेक बायकाच होत्या. पण तरुण आणि धडधाकट असून भागत नाही. सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका उताराच्या बोळात १५९ जण गेले, त्यातले बरेचसे विशीतले. पुढच्यांना हात धरून ओढायचा प्रयत्न झाला, तो जमला नाही. शरीरं एकमेकांत अशी अडकली होती की मागच्या बाजूने एकेक माणूस सोडवावा लागला, आणि तेवढी मिनिटं खालच्यांकडे नव्हती.

चौरस मीटरमध्ये पाच माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की आपले पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मागून आलेला रेटा पाण्यातल्या लाटेसारखा पुढे सरकतो. अशात एक जण पडला की त्याच्या जागी पोकळी होते, शेजारच्याचा आधार जातो, तोही त्या पोकळीत पडतो. मागच्याला हे दिसत नाही, तो पुढे ढकलतच असतो. पायरी किंवा उतार असेल तर विचारायलाच नको.

नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ जण गेले. साधूंची मिरवणूक पुढे जावी म्हणून भाविकांना अडवून धरलं होतं, आणि नाणी उधळल्यामुळे झुंबड उडाली असं तेव्हा सांगितलं गेलं. दीड वर्षही उलटलं नव्हतं, तोच २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेला, वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर तीनशेच्या आसपास बळी गेले. तिथे नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलाच्या जिन्यावर २३ जण गेले, ते पावसामुळे थबकलेल्या गर्दीत. दर वेळी निमित्त वेगळं सांगितलं गेलं: दर्शन, नाणी, नारळ, पाऊस. उतार, अरुंद वाट आणि मागून येणारा न थांबलेला लोंढा मात्र सगळीकडे होता.

सुधारणा झाल्या, हेही नोंदवायला हवं. कुंभकोणमला २००४ आणि २०१६ ची महामहमं अशा दुर्घटनेविना पार पडली. २०१६ ला उत्सव १३ ते २२ फेब्रुवारी असा दहा दिवस होता, आणि मुख्य दिवसाची वाट न पाहता आधीच स्नान करून गेलेल्यांनी शेवटच्या दिवसाचा ताण हलका केला. नाशिकला २०१५ मध्ये बंदोबस्त इतका कडक झाला की २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला भाविक मैलोन् मैल चालून दमले आणि टीका झाली. पुढच्या पर्वणीला निर्बंध सैल करावे लागले. मला ती टीका अर्धीच पटते. चालून पाय दुखतात, पण जीव वाचतो. मात्र म्हाताऱ्या माणसाला उन्हात इतकं चालवायचं तर वाटेत पाणी आणि बसायची जागा हवीच.

रुग्णवाहिका किती, याची चर्चा खूप होते. गर्दीच वाट अडवते तेव्हा रुग्णवाहिका त्या पहिल्या मिनिटांत पोहोचणार कशी? तिथे उपयोगी पडतो तो जागेवरच उभा असलेला, छाती दाबून हृदय चालू ठेवायला शिकलेला स्वयंसेवक. वाचलेल्यांनाही तसंच घरी पाठवणं धोक्याचं. फार वेळ दबलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्यं रक्तात येऊन मूत्रपिंडं बंद पाडू शकतात; लघवी काळपट झाली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

नाशिकला २०२७ मध्ये पर्वण्या आहेत, कुंभकोणमला २०२८ मध्ये महामहम. तयारीच्या बैठकांतून घाटांची लांबी आणि पोलिसांची संख्या सांगितली जाईल. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी छापून याव्यात: कोणत्या उतारावर किती माणसं झाली की लोंढा मागेच थांबवायचा, आणि तो थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या नेमक्या कोणाकडे असेल, समोरून मिरवणूक कोणाचीही येत असली तरी.