बालाघाटचा स्थलांतरित मजूर आणि आरोग्याचा हक्क

मुलूख : इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या नागपूर विभागात मोडणारा, वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा आज महाराष्ट्राच्या गोंदियास लागून असून, धानाचा हंगाम सरल्यावर तेथील भूमिहीन व अल्पभूधारक मजूर नागपूर, हैदराबाद अशा शहरांकडे रोजगारार्थ प्रस्थान करतात.

टाळेबंदी : मे 2020 मध्ये हैदराबादहून परतणाऱ्या एका मजुराने गर्भवती पत्नीस व लहानग्या कन्येस स्वहस्ते बनविलेल्या लाकडी गाड्यावर बसवून, तो ओढीत जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आणला, तेव्हा पोलिसांनी अन्न देऊन व वैद्यकीय तपासणी करवून त्या कुटुंबास वाहनाने गावी पोहोचविले.

कायदा : आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांसंबंधीच्या, नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1979 च्या कायद्याने विहित वैद्यकीय सोयी विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती, परंतु ज्याचे नाव मुकादमाच्या वहीपलीकडे कोणत्याही सरकारी दप्तरी दाखल नव्हते, त्यास तो हक्क बजावून घेणे दुष्करच होते.

आयुष्मान भारत : सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबास दरसाल 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही मिळू शकतात, मात्र ते दाखल झालेल्या रुग्णापुरते असल्याने, किरकोळ तापाच्या औषधाचा खर्च मजुराच्याच खिशातून होतो.

सिकलसेल : 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे या आनुवंशिक रक्तविकाराविरुद्ध आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडला असून, आदिवासी मजुराने परमुलखी जाताना तपासणीचे कार्ड जवळ बाळगणे इष्ट होय.