गरम चीज-कांदा डिप: फाटतं कशामुळे, जमतं कशामुळे

या भागात जे बोललो ते इथे जवळपास तसंच उतरवलंय. बोलण्यातले 'अं' आणि 'काय म्हणतात ते' तेवढे काढून टाकले. रेसिपीची मापं यादी करून दिली आहेत, म्हणजे ओट्याजवळ मोबाइल उभा करून वाचता येतील. पाहुणे तासाभरात येणार असतील तर सरळ ०७:५० वर जा. वेळ असेल तर सुरुवातीपासून वाचा, कारण 'का' कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही.

००:४० प्रश्न काय आहे

मॅच असो, थर्टी फर्स्ट असो, कोणाचा वाढदिवस असो. आठ-दहा जण घरी येणार आणि मधे काहीतरी गरम, चीजवालं, बुडवून खायचं हवं. चीज आहे, कांदा आहे, गॅस आहे, मग अडचण काय?

अडचण अशी की बरेच जण चीज किसतात, पातेल्यात टाकतात आणि गॅस मोठा करतात. पाच मिनिटांत वर तेलाचा पिवळा थर येतो आणि खाली रबरासारखा गोळा बसतो. चमचा उचलला की सगळा गोळा सोबत वर येतो. हॉटेलातला चीज सॉस मात्र गुळगुळीत असतो. मग आपण ठरवतो की त्यांचं चीज महागाचं असणार. पुढच्या वेळी मॉलमधून इम्पोर्टेड चेडर आणतो आणि ते तर आणखीच लवकर फाटतं!

तर या भागाचं म्हणणं एका वाक्यात: डिपसाठी महागडं चेडर घेऊ नका, किराणा दुकानातला साधा चीज क्यूब घ्या, आणि वाचलेला वेळ कांद्याला द्या.

०१:५० चीज फाटतं म्हणजे नक्की काय होतं

चीज म्हणजे तीन गोष्टींचा एकत्र संसार: दुधाची चरबी, पाणी आणि केसीन नावाचं प्रोटीन. केसीनचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. त्याची जाळी बनते आणि त्या जाळीत चरबी आणि पाणी अडकलेलं असतं.

गरम केल्यावर आधी चरबी पातळ होते. आणखी तापलं की जाळी सैल पडते, त्याला आपण 'चीज वितळलं' म्हणतो. पण तिथे न थांबता उकळत ठेवलं, तर प्रोटीन पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतं आणि जाळी आवळली जाते. ओला कपडा पिळल्यावर पाणी निघतं ना, तसं चरबी आणि पाणी बाहेर पिळलं जातं. वरचा तेलाचा थर तो, आणि खालचा गोळा म्हणजे आवळलेलं प्रोटीन.

जुनं, मुरलेलं चेडर लवकर का फाटतं? मुरताना त्यातल्या प्रोटीनचे तुकडे होत जातात. त्याने चव वाढते, पण चरबीला धरून ठेवायची ताकद कमी होते. मोझरेलाचं उलट: जाळी चिवट, म्हणून तार निघते. पिझ्झावर तार छान दिसते, डिपमध्ये ती हनुवटीपर्यंत लोंबते. आणि पनीर घालायचा विचार असेल तर सोडून द्या. ते कितीही तापवलं तरी वितळत नाही.

०३:१५ क्यूबमध्ये असं काय आहे

आता क्यूबचं पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा. इमल्सिफायरच्या पुढे ३३१ किंवा ३३९ असा आकडा दिसेल. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, ३३९ म्हणजे सोडियम फॉस्फेट.

१९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी एमेंटाल चीज सोडियम सायट्रेटसोबत वितळवून पाहिलं आणि ते फाटलं नाही. प्रोसेस्ड चीजची सुरुवात इथून झाली. पुढे अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं.

सायट्रेट करतं काय? केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम ते स्वतःकडे ओढून घेतं आणि त्या जागी सोडियम सोडतं. कॅल्शियम गेलं की केसीन मोकळं होतं. मोकळ्या केसीनचा एक भाग चरबीला धरतो, दुसरा पाण्याला. त्यामुळे दोघं वेगळे होत नाहीत. म्हणजे डिप फाटू नये याची सोय क्यूबमध्ये कारखान्यातूनच होऊन आलेली असते. आपण फक्त ती बिघडवायची नाही.

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून 'प्रोसेस्ड चीज म्हणजे प्लास्टिक' असा फॉरवर्ड फिरतो. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचं मीठ, प्लास्टिकशी त्याचा काही संबंध नाही. काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करा. एक, प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम भरपूर असतं, म्हणून घरात बीपीवालं कोणी असेल तर डिप बेतानेच वाढा. दोन, पाकिटावरचा पहिला घटक कोणता ते बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द 'चीज' असेल तर ते चीज आहे. यादीत वरच वनस्पती तेल आणि स्टार्च दिसलं तर ते चीजसारखं काहीतरी आहे, त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. स्वस्त पडतं, वितळतंही छान, पण चव नसते. भाव सारखाच लावला असेल तर तुम्ही तेलाचे पैसे चीजच्या दराने देताय.

घरात फक्त चेडरच असेल तर? दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा थोडाथोडा टाका. खूप फेस येईल, तो पूर्ण बसू द्या. वाटीत उरलं ते सोडियम सायट्रेटचं पाणी. एवढं साधारण १०० ग्रॅम चेडरला पुरतं. दुधात आधी हे मिसळा, मग चीज घाला. घरच्या ओट्यावरचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल समजा.

०५:१० हा क्यूब आपल्या नाक्यावर कसा आला

दोन मिनिटं इतिहास, कारण तो अगदी आपल्या शेजारचा आहे. दिंडोशीला लागूनच आरे कॉलनी. तिथली दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली, मुंबईतल्या वस्तीतले गोठे बाहेर काढून शहराला स्वच्छ दूध द्यायला. ते काम दारा खुरोडी यांनी उभं केलं. मुंबईला आणखी दूध हवं होतं आणि ते गुजरातेतल्या आणंदहून येत होतं. तिथे १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी संघ काढला होता, तोच पुढे अमूल झाला. म्हणजे मुंबईची दुधाची तहान हा त्या संघाच्या वाढीचा मोठा आधार होता. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मिळाला. आज खाऱ्या बिस्किटांच्या शेजारी फ्रीजमध्ये चीज क्यूब दिसतो, त्याच्या मागे एवढं सगळं आहे.

०६:०० कांदा: इथे घाई केली की संपलं

चीज क्यूबची चव सौम्य आणि खारट. डिपला व्यक्तिमत्त्व देतो तो कांदा. आई वाटणासाठी कांदा-खोबरं परतते तेव्हा घरभर जो वास येतो, तोच वास आपल्याला हवाय, पण आणखी सावकाश काढलेला.

कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. ते पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, म्हणजे कांदा फक्त शिजतो. पाणी उडाल्यावरच साखर आणि प्रोटीन मिळून तो तपकिरी रंग आणि गोडसर चव तयार होते. म्हणून मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं लागतातच. गॅस मोठा केला तर कडा जळतात, आतला भाग कच्चा राहतो आणि डिप कडू होतं.

वेळ वाचवायला चिमूटभर खायचा सोडा घालतात. त्याने कांदा लवकर तपकिरी होतो हे खरं. पण आपल्याकडचा लाल कांदा सोड्यामुळे हिरवट-निळसर पडतो, कारण त्याच्या सालीजवळचा रंग आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतो. पाहुण्यांसमोर हिरवट डिप? नकोच. पांढरा कांदा असेल तर चिमूटभर सोडा चालेल. अलिबागचा पांढरा कांदा बाजारात असेल तर तो घ्या, तिखटपणा कमी आणि गोडी जास्त. एरवी लासलगावकडून येणारा नेहमीचा कांदा उत्तम, फक्त सोडा न घालता आणि वेळ देऊन.

०७:५० मापं (आठ ते दहा जणांसाठी)

- कांदे ४ मध्यम, साधारण ४५० ग्रॅम, उभे पातळ चिरून
- लोणी २ मोठे चमचे, तेल १ छोटा चमचा
- प्रोसेस्ड चीज २०० ग्रॅम (२५ ग्रॅमचे ८ क्यूब), किसून
- दूध २५० मिली, कोमट
- मैदा १ मोठा चमचा
- चक्का किंवा घट्ट दही ३ मोठे चमचे
- लसूण ४ पाकळ्या, मिरपूड, चिली फ्लेक्स, कोथिंबीर
- मोहरीची पूड पाव छोटा चमचा, असल्यास

०८:२० कृती

कढईत एक चमचा लोणी आणि तेल घ्या. कांदा आणि अगदी चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं परता. कांदा मऊ पडला की आच मंद करा. दर चार-पाच मिनिटांनी हलवा. तळाला चिकटायला लागला की एक चमचा पाणी शिंपडा आणि तो तपकिरी थर खरवडून घ्या, चव तिथेच आहे. रंग गुळासारखा झाला की शेवटची दोन मिनिटं लसूण घाला आणि उतरवा. कढईभर कांद्याची वाटीभर होईल, घाबरू नका.

दुसऱ्या पातेल्यात उरलेलं लोणी, त्यात मैदा. एक-दोन मिनिटं परता, कच्चा वास जाईपर्यंत, रंग येऊ देऊ नका. दूध थोडंथोडं ओता आणि रवीने किंवा व्हिस्कने ढवळत राहा. दोनेक मिनिटं उकळू द्या. आता गॅस बंद. हो, चीज घालायच्या आधी गॅस बंद. दूध पुरेसं गरम असतं. किसलेलं चीज तीन वेळात घाला, आधीचं विरलं की पुढचं. शेवटचं नीट विरघळलं नाही तर अगदी मंद आचेवर मिनिटभर ठेवा, उकळी येऊ देऊ नका.

मग कांदा, मिरपूड, मोहरी, चिली फ्लेक्स. दही सगळ्यात शेवटी, उतरवल्यावर. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेक लागतच नाही. गॅसवर असताना डिप हवं त्यापेक्षा थोडं पातळ दिसलं पाहिजे, कारण ताटलीत गेल्यावर ते घट्ट होतं.

जैन मित्र येणार असतील तर कांदा-लसूण घालायच्या आधीच त्यांचा सॉस वेगळ्या वाटीत काढा, त्यात उकडलेला मका आणि सिमला मिरची घाला. आणि ढवळायचा चमचाही वेगळा ठेवा, एवढं लक्षात असू द्या. मैदा चालत नसेल त्यांच्यासाठी कॉर्नफ्लोअर: एक मोठा चमचा थंड दुधात कालवून गरम दुधात घालायचं, बाकी सगळं तसंच.

०९:५० फाटलंच तर

टाकून देऊ नका. गॅस बंद करा. दोन-तीन चमचे दुधात अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घाला आणि जोरात ढवळा. तरी दाणेदार वाटलं तर हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवा. मग पुन्हा अगदी मंद आचेवर, कॉर्नफ्लोअर शिजेपर्यंतच. तारेसारखं ताणत असेल तर लिंबाचे चार-पाच थेंब: त्यातलं आम्ल कॅल्शियम सोडवायला मदत करतं. स्वित्झर्लंडमधल्या फोंड्यूत पांढरी वाइन घालतात, तिथेही तिच्यातलं आम्ल हेच काम करतं.

१०:४० गरम कसं ठेवायचं

यासाठी फोंड्यूचा सेट विकत घ्यायची गरज नाही. पोळ्यांचा कॅसरोल उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं तापवा, पाणी फेका, पुसा आणि डिप त्यात ओता. तासभर छान गरम राहतं. जास्त वेळ हवं असेल तर राइस कुकरचा 'वॉर्म' मोड वापरा, मधेमधे ढवळा.

इथे एक नियम कडक पाळा. दुधाचा पदार्थ ६० अंशांच्या वर तरी राहिला पाहिजे, नाहीतर ५ अंशांच्या खाली फ्रीजमध्ये. मधल्या कोमट पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. बाहेर नुसतं ठेवलेलं डिप दोन तासांत संपवा किंवा फ्रीजमध्ये टाका. मे महिन्यातल्या मुंबईत, पंख्याखाली घाम निथळत असताना, एक तासच धरा. त्यामुळे सगळं एकदम बाहेर न काढता अर्धं-अर्धं वाढणं बरं. उरलेलं दुसऱ्या दिवशी दोन चमचे दूध घालून मंद आचेवर ढवळलं की पुन्हा सैल होतं, आणि सँडविचला लावायला त्याच्यासारखं काही नाही.

११:४० सोबत काय

नाचोच लागतात असं नाही. लादी पाव बोटाएवढे कापून तव्यावर कडक भाजा. खाकरा, टोस्ट, बेकरीतलं जिरा बटर, गाजर-काकडीच्या सळ्या, उकडून परतलेले छोटे बटाटे. शिळी ज्वारीची भाकरी तुकडे करून तळली तर ती सगळ्यात आधी संपते.

शेवटी वेळेचं गणित. कांदा सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवता येतो, त्याला काही होत नाही. चीजही किसून ठेवा. पाहुण्यांनी 'गोरेगावला उतरलो' असा मेसेज केला की मैदा परतायला घ्या. रिक्षाने दिंडोशीला पोचेपर्यंत डिप तयार असतं.