ग्लॉस्टरचे शमादान

संपादकमहाशयांचा हुकूम होता तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील हिंदी वस्तूंवर लिहिण्याचा. परंतु वाटेत, मध्ययुगीन युरोपच्या दालनात, हातभर उंचीचे एक सोनेरी शमादान दृष्टीस पडले आणि हुकुमाची तामिली त्या दिवशी राहून गेली.

त्याची दफ्तरी हकीकत थोडकी आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला ते १११३ पर्यंत तेथे मठाधिपती असलेल्या पीटरने व त्याच्या शिष्यवर्गाने अर्पण केले. पुढे टॉमस नामक गृहस्थाने ते फ्रान्समधील ल माँच्या चर्चला दिले. १८६१ मध्ये संग्रहालयाने ते खरेदी केले. पहिली दोन्ही दाने शमादानावरच कोरलेली असल्याने निराळ्या ताम्रपटाची गरज उरलेली नाही.

पायथ्यापासून माथ्यावरच्या तबकापर्यंत माणसे, माकडे आणि पंखधारी सर्प वेलींच्या वेटोळ्यांत एकमेकांशी झोंबत वर चढतात. मध्याच्या गाठीवर चार शुभवर्तमानकारांची प्रतीके आहेत. आणि तबकाच्या काठावरील लेख, प्रकाश मनुष्याला दुर्गुणांच्या अंधारातून वाचवतो, असे बजावतो. उपदेश योग्यच, पण कारागिराचे चित्त माकडांपाशीच अधिक रमले असावे, असा माझा संशय आहे, आणि तसे असल्यास तो दोष मी त्याच्याबरोबर वाटून घेण्यास तयार आहे.

धातू तांब्याचा, त्यात चांदीचा बराच अंश, वर सोन्याचा मुलामा. घडण मात्र मेणाची: प्रत्येक शेपूट, प्रत्येक नख आधी मेणात कोरायचे, त्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. पुढे साचा फोडावाच लागतो, म्हणून दुसरी प्रत नाही. साच्यात ओल राहिली, वायूला निघायला वाट मिळाली नाही, किंवा रस शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वी थिजला, तर रूपही गेले आणि ज्यावरून ते पुन्हा घ्यावे ते मेणही गेले. इतक्या जाळीदार, पोकळ्यांनी भरलेल्या कामात ही धास्ती किती असेल, याची कल्पना त्या वेलींच्या बारीक देठांकडे पाहताना येते. शमादान एकसंध न ओतता तीन भागांत ओतले आहे. एक भाग फसला तरी दोन वाचावेत, एवढी सोय त्यात आपोआप होते.

त्याच सुमारास, ११३० च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आपल्या ‘मानसोल्लासा’त हीच रीत सांगत होता. मेणाला तो मधूच्छिष्ट म्हणतो, म्हणजे मधाचे उष्टे. माती तीनदा लिंपावी, सावलीत वाळवावी, आणि मेण आधीच तोलून त्यावरून धातूचे माप ठरवावे, अशी त्याची आज्ञा आहे. कारण रस अर्ध्यावर संपला तर दुसऱ्यांदा ओतून तो सांधत नाही. ग्लॉस्टरच्या ओतकाऱ्याने सोमेश्वराचे नावही ऐकले नसेल, पण माकडांचे मेण त्यालाही तराजूत घालावेच लागले असेल.