लाकडी घाण्याचं तेल आणि दोन ग्रॅमचा हिशेब

पुण्यात गेल्या काही वर्षांत लाकडी घाण्याची दुकानं गल्लोगल्ली निघाली. घाणा दर्शनी भागातच फिरत असतो, एका अंगाने पेंड सुटते, तेल स्टीलच्या पिंपात निवळत असतं. भाजल्यासारखा खमंग वास सुटलेला, त्यामुळे भाव ऐकण्याआधीच गिऱ्हाईक निम्मं पटलेलं. इथवर कुणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तेलाबरोबर फुकट मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याची: ‘यात वनस्पती स्टेरॉल असतात, कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं.’ पुढे हेच वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर येतं, पर्वतीच्या पायऱ्या चढता चढता ऐकू येतं, आणि एखादे काका त्यावर विसंबून गोळी बंद करून मोकळे होतात.

वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते खोडून काढणं जिकिरीचं.

सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ही वनस्पती स्टेरॉलं दिसायला कोलेस्टेरॉलची सख्खी भावंडं. चरबी पचवण्यासाठी आतड्यात पित्ताचे सूक्ष्म गोळे तयार होतात. कोलेस्टेरॉलला रक्तात शिरायचं तर त्या गोळ्यांत जागा मिळवावी लागते. वनस्पती स्टेरॉलं ती जागा अडवतात. स्वतः मात्र ती फारशी शोषली जात नाहीत. जी थोडी पेशींत शिरतात, त्यांतली बरीचशी पेशी परत आतड्यात ढकलून देतात. रोज 2 ग्रॅम घेतल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण 8 ते 10 टक्के उतरतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

आता त्रैराशिक मांडू. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम शेंगदाणा तेलात सुमारे 200 मिलिग्रॅम वनस्पती स्टेरॉल असतं. माणूस दिवसाला 25 ग्रॅम तेल खात असेल तर पोटात गेले 50 मिलिग्रॅम. दोन ग्रॅमसाठी रोज किलोभर तेल प्यावं लागेल, म्हणजे 9,000 कॅलरी! रिफाइन करताना काही स्टेरॉल निघून जातं हे खरंच. पण घाण्याच्या तेलात दुप्पट धरलं तरी अर्धा किलो उरतंच. या बाबतीत श्रीमंत मानलं जाणारं राइस ब्रान तेलही पावणेदोनशे ग्रॅम लागेल. ज्या चाचण्यांचा हवाला दिला जातो, त्यांत मुद्दाम स्टेरॉल मिसळलेलं मार्जरीन, दही किंवा कॅप्सूल होत्या, फोडणी नव्हती. आणि तेवढं करूनही हृदयविकाराचे झटके कमी होतात, असं आजवर एकाही चाचणीने सिद्ध केलेलं नाही. घाण्याचं तेल चवीसाठी खुशाल आणावं. गोळी बंद करायला ते कारण होत नाही.

दुसरा समज गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं हा, आणि त्याचा धागा थेट पुण्याशी जुळतो. गुग्गुळाच्या डिंकातल्या गुग्गुलस्टेरॉनची रचना पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. तो शोधनिबंध 1972चा. काम अव्वल, पण ते रसायनशास्त्राचं. रेणू ओळखला म्हणजे औषध सिद्ध झालं असं नव्हे. आधीच्या काही भारतीय चाचण्यांत गुग्गुळाने कोलेस्टेरॉल घटलं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 103 जणांवर केलेल्या आणि 2003मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत मात्र आठ आठवड्यांनी एलडीएल 4 ते 5 टक्के वाढलं, शिवाय काहींच्या अंगावर पुरळ उठलं. गुग्गुलस्टेरॉन हे स्टेरॉइड, सिटोस्टेरॉलसारखं आतड्यात जागा अडवणारं नव्हे, हेही सोयीस्करपणे विसरलं जातं.

किरकोळ समज आणखी आहेत. तेलाच्या पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’? वनस्पती तेलात ते नाममात्रच असतं, सगळ्याच कंपन्यांच्या. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?’ ते यकृत तयार करतं, आणि यकृत ताटात काय आहे हे विचारत नाही. ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’? युरोपात स्टेरॉल मिसळलेल्या पदार्थांवर दिवसाला 3 ग्रॅमच्या वर जाऊ नका, असं छापावंच लागतं. आणि सिटोस्टेरोलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात, ज्याची पहिली नोंद 1974ची, हीच स्टेरॉलं रक्तात साठत जातात. त्या रुग्णांना तेल, तीळ, शेंगदाणेसुद्धा जपून खावे लागतात.