स्कॅन झाला, पण पोहोचला का?

सीटी स्कॅनची एक प्रतिमा साधारण अर्ध्या एमबीची असते: ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट. एका तपासणीत अशा शेकडो प्रतिमा निघतात आणि ‘डायकॉम’ या मानकानुसार नेटवर्कवरून रुग्णालयाच्या ‘पॅक्स’ साठवण यंत्रणेत जातात. या वाटेवर लक्ष ठेवायचं तर सर्व्हर चालू आहे एवढं पाहून भागत नाही. डायकॉमचा ‘इको’ संदेश फक्त समोरून उत्तर येतं हे सांगतो. तीनशेपैकी वीस प्रतिमा अडकल्या, तरी इको यशस्वीच दिसतो. म्हणून पाठवलेल्या आणि मिळालेल्या प्रतिमांचा ताळा आपोआप जुळवला पाहिजे. त्यासाठी डायकॉममध्येच ‘स्टोरेज कमिटमेंट’ची सोय आहे: मशीन प्रतिमांची यादी देते आणि पॅक्स त्या सुरक्षित ठेवल्याची पोच देते. ती पोच येईपर्यंत मशीनवरची मूळ प्रत पुसू नये.

काही राहिलं तर रेडिओलॉजिस्टच्या लक्षात येईलच, असं कुणी म्हणेल. अख्खी तपासणी गायब असेल तर येईलही. पण लांबलचक मालिकेच्या टोकाचे काही काप गळाले, तर मालिका तिथेच संपली असं वाटू शकतं. शिवाय मेंदूच्या झटक्यात उपचाराचा निर्णय स्कॅनवर अडलेला असतो. उणीव उशिरा कळणं हेही नुकसानच. दुसरा आक्षेप सूचनांच्या भडिमाराचा, आणि तो रास्त आहे. सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांकडे माणसं दुर्लक्ष करू लागतात. त्यावर उपाय म्हणजे ठरलेल्या वेळेत ताळा जुळला नाही तरच इशारा द्यायचा, तोही तातडीच्या रुग्णांसाठी आधी. प्रतिमा काढणं हे निम्मंच काम आहे. ती पूर्ण पोहोचल्याची खात्री करणं ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे.